आम्ही सिग्नल मागितलाच नव्हता, पांढरा पट्टा मागितला होता

प्रति,
आमच्या शहराचे माननीय महापालिका आयुक्त,
शहर वाहतूक शाखेचे प्रमुख अधिकारी,
आणि लायसन्स देणारे परिवहन अधिकारी

महोदय,
स. न. वि. वि.

आपल्याकडून आलेलं पत्र मिळालं. दोन ओळींचं आहे. "सदर ठिकाणी वाहनांची वर्दळ कमी असल्याने सिग्नल यंत्रणा बसविणे आवश्यक वाटत नाही. सबब आपला अर्ज निकाली काढण्यात येत आहे."

अर्ज मी आणि आमच्या कॉलनीतल्या एकसष्ट जणांनी केला होता. त्यात सिग्नल हा शब्द एकदाही नाही. आम्ही मागितलं होतं ते एवढंच : पाण्याच्या टाकीजवळच्या चौकात कॉलनीचे दोन रस्ते डीपी रोडला जिथे मिळतात, तिथे दोन्ही तोंडांना पांढरा पट्टा मारा, रस्ता द्या म्हणून उलट्या त्रिकोणाची पाटी लावा आणि कोपऱ्यावरचा वाढदिवसाचा फ्लेक्स काढा. म्हणजे रंगाचा एक डबा, दोन खांब आणि एक विळा. यातलं काय खर्चिक वाटलं, ते पत्रात नाही. न वाचलेल्या अर्जाला उत्तर आलं आहे, म्हणून तोच अर्ज आता उघडपणे, चार लोकांना वाचता येईल असा लिहितो आहे.

आधी मी कोण, ते सांगतो. बावीस वर्षं मी याच शहरात मोटार ड्रायव्हिंग स्कूल चालवतो. डावीकडच्या सीटवर बसून, पायाखाली जादा ब्रेक ठेवून, मी या गावातले सगळे चौक रोज पाहिलेत. त्या सीटवरून जे दिसतं ते स्टिअरिंगवरून दिसत नाही, कारण स्टिअरिंगवरचा माणूस घाबरलेला असतो आणि मी नसतो. (निदान दाखवत नाही.)

गेल्या मे महिन्यात याच चौकात माझ्या एका विद्यार्थिनीला छोटा हत्ती टेम्पोने उडवलं. नर्सिंगला आहे, एकोणीस वर्षांची. स्कूटीवरून डीपी रोडने सरळ चालली होती. टेम्पो तिच्या डाव्या हाताच्या कॉलनीतून आला. नडगीचं हाड मोडलं, आत रॉड आहे, वर्ष वाया गेलं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर ती काय म्हणाली ते ऐका. "सर, तुम्ही शिकवलं होतं, उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. मी त्याच्या उजवीकडे होते ना?"

होती. शंभर टक्के होती. मुख्य रस्त्यावरही तीच होती. दोन्ही नियमांनी थांबायचं होतं टेम्पोने. मला त्या क्षणी बोलायला तोंड राहिलं नाही. मी तिला नियम शिकवला आणि ती त्याच्या भरवशावर चौकात गेली. समोरच्याला तो नियम कुणी सांगितलाच नव्हता. दोघांनाही नियम माहीत नसता तर दोघंही बिचकत, हॉर्न वाजवत, एकमेकांचा अंदाज घेत गेले असते. एकालाच माहीत होता, म्हणून ती बिनधास्त गेली.

टेम्पोवाल्यालाही मी भेटलो. भला माणूस आहे, पळून गेला नाही, त्यानेच तिला रिक्षात घातलं. दहा वर्षांचं लायसन्स आहे. त्याला विचारलं, "चौकात दोन गाड्या आल्या, पोलीस नाही, सिग्नल नाही, तर आधी कोण?" तो म्हणाला, "जो आधी आला तो. आणि मी हॉर्न दिला होता, सर."

हॉर्न दिला होता! आपल्याकडे हॉर्न म्हणजे सातबाऱ्यावर नाव लावल्यासारखं आहे. वाजवला की चौक आपला. डिपर मारण्याचंही तेच. इंग्लंडात समोरच्याने दिवा चमकवला तर बहुतेकदा त्याचा अर्थ 'तुम्ही व्हा पुढे' असा घेतात. आपल्याकडे अर्थ एकच : मी येतोय, तू थांब. आता दोन्ही बाजूंनी डिपर आला तर काय, याचं उत्तर अस्थिरोग विभागात मिळतं.

टाकीजवळच्या टपरीवर मी हाच प्रश्न चार-सहा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना विचारत बसलो. उत्तरं ऐकण्यासारखी होती. "मोठी गाडी आधी." "सरळ जाणारा आधी." "ज्याला घाई आहे तो." एक रिक्षावाला काका म्हणाले, "ज्याची गाडी जुनी तो आधी, नव्या गाडीवाला ओरखड्याला भितो." आणि खरं सांगायचं तर काकांचा नियम या शहरात सर्वांत जास्त पाळला जातो.

आणखी एक अलिखित नियम आहे, तो माझे विद्यार्थी कुणी न शिकवता आठवडाभरात शिकतात. चौकात शिरताना उजवीकडे बघायचं नाही. बघितलं, नजरेला नजर मिळाली, की थांबावं लागतं. न बघणारा जिंकतो. मी शिकवताना सांगतो, मान वळवा. ते वळवत नाहीत. पुढे काचेतून सरळ, देवळात दर्शनाला उभं राहिल्यासारखे बघत राहतात, आणि चाक आत घालतात. मीही पहिली काही वर्षं हेच शिकवत होतो, हे लपवत नाही. "बंपर आत गेला की चौक आपला," हे वाक्य या तोंडातून किती वेळा गेलं असेल, त्याचा हिशेब नको.

महोदय, नियम नाही म्हणून हे चाललंय असं कुणी म्हणेल, तर तसं नाही. नियम जुना आहे आणि सोपाही आहे. १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत होता, त्यांच्या जागी २०१७ मध्ये मोटार वाहन चालनाचे नवे विनियम आले. ज्या चौकात पोलीस, सिग्नल किंवा पाटी नाही, तिथे वेग कमी करायचा. मुख्य रस्त्यावर शिरणाऱ्याने त्या रस्त्यावरच्या गाड्यांना जाऊ द्यायचं. रस्ते सारखेच असतील तर आपल्या उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी. उजवीकडे वळायचं असेल तर समोरून सरळ येणारा आधी. झेब्रावर पायी माणूस आधी. ॲम्ब्युलन्स आणि आगीचा बंब यांच्यापुढे कुणीच नाही.

उजवीकडचाच का, हेही मी मुलांना खडूने जमिनीवर काढून दाखवतो. आपण डाव्या बाजूने गाडी चालवतो. त्यामुळे आडवा रस्ता ओलांडताना त्याचा पहिला अर्धा भाग उजवीकडून येणाऱ्यांचा असतो. आपलं नाक आधी त्यांच्या वाटेत जातं. डावीकडून येणारा पलीकडच्या अर्ध्यात असतो, त्याच्यापर्यंत पोचायला आपल्याला अजून क्षणभर असतो. चौकाच्या मधोमध असलेल्या गोल बेटाचंही तेच. आपल्याकडे या गोलभोवती गाड्या घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतात, म्हणजे शिरणाऱ्याला आतली गाडी नेहमी उजवीकडूनच येते. तिला आधी जाऊ द्यायचं. वेगळा नियम पाठ करायला नको. मुलांना खडूची आकृती एकदा कळली की विसरत नाहीत. मग ती रस्त्यावर का नको?

आता तक्रारींकडे येतो.

पहिली तक्रार पाट्यांची. मुख्य रस्त्यावरच्याला आधी, हे ठीक. पण मुख्य रस्ता कुठला, हे सांगायचं कुणी? डीपी रोड रुंद आहे हे मला माहीत आहे, कारण मी इथे राहतो. बाहेरगावच्या टेम्पोवाल्याला कॉलनीच्या तोंडाशी दिसतो तो एक डांबरी रस्ता आणि पलीकडे दुसरा डांबरी रस्ता. रस्ता द्या या पाटीला उलटा त्रिकोण आणि थांबा या पाटीला आठ कोन दिलेत ते शोभेसाठी नाहीत. चिखल उडाला, अक्षरं पुसली, माणसाला वाचता येत नसलं, तरी नुसत्या आकारावरून कळावं म्हणून दिलेत. इंडियन रोड्स काँग्रेसने पाट्यांची आणि पट्ट्यांची स्वतंत्र मानकं छापून ठेवली आहेत, आपले अभियंते त्यांच्यावरूनच निविदा काढतात. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीपासून थांबा ही पाटी मोडणं धोकादायक चालवण्यात धरलं जातं. पण आमच्या प्रभागात मी फिरून पाहिलं. अष्टकोनी पाटी एकच सापडली, तीही एका शाळेच्या आवाराच्या आत. मोडायची म्हटली तरी पाटी हवी ना!

आणि २०१९ च्याच दुरुस्तीत १९८अ हे कलम आलं. रस्त्याची रचना आणि देखभाल मानकांप्रमाणे न ठेवल्याने कुणी दगावलं किंवा अपंग झालं, तर जबाबदार यंत्रणेला आणि ठेकेदाराला एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. मी वकील नाही, कुणाला धमकावतही नाही. चालकाच्या कलमांचे फलक चौकाचौकांत लागतात, हे कलम मात्र मी आजवर एकाही फलकावर पाहिलं नाही, एवढंच नोंदवतो.

दुसरी तक्रार फ्लेक्सची, आणि इथे मी जरा रेंगाळणार आहे. कॉलनीतून येताना तोंडाशी जिथे गाडी थांबवायला हवी, तिथे मी टेप घेऊन उभा राहिलो. ड्रायव्हरच्या डोळ्याच्या उंचीवर, फ्लेक्सच्या कडेवरून, डीपी रोडवर उजवीकडे नऊ मीटर दिसतं. पुढे एका कार्यकर्त्याचं हसू. ताशी तीस किलोमीटरने येणारी स्कूटी सेकंदाला आठ मीटरच्या वर जाते. म्हणजे ती दिसल्यापासून धडकेपर्यंत सेकंदभर. माणसाला धोका कळून पाय ब्रेकवर जायलाच साधारण तेवढा वेळ लागतो. मान वळवून, नियम पाळून, हळू येणारा माणूससुद्धा तिथे आंधळा आहे. अपघातानंतर तो फ्लेक्स उतरला. आठ दिवसांनी त्याच चौकटीत दुसरा आला, श्रद्धांजलीचा. चौकटच काढायची कुणाला सुचलं नाही.

तिसरी तक्रार मोठ्या चौकातल्या गोलची. सुशोभीकरणात तिथे कारंजं आणि शहरावरच्या प्रेमाची माणसाच्या उंचीची अक्षरं बसली. संध्याकाळी छान दिसतात, माझी नात तिथे फोटो काढते. पण त्या अक्षरांआडून पलीकडची गाडी दिसत नाही, आणि आत शिरण्याच्या एकाही तोंडाला पट्टा किंवा पाटी नाही. त्यामुळे सगळे एकदम शिरतात. आतली एसटी बाहेर पडू शकत नाही, ती अडते म्हणून मागची रिक्षा अडते, ऊसाचा हंगाम असला की ट्रॉली अडते, आणि गोल कुलूप लावल्यासारखा बंद होतो. मग हवालदार येतात आणि आतल्यांना थांबवून बाहेरच्यांना आत घेतात! कुलूप आणखी घट्ट होतं. त्यांचा दोष नाही, भर उन्हात उभं राहून ते जमेल ते करतात. पण हेच कुलूप ब्रिटनमध्येही लागायचं, म्हणून १९६६ मध्ये त्यांनी शिरणाऱ्याने आतल्याला वाट द्यायची, असा नियम केला आणि गोल चालू झाले.

माझा एक जुना विद्यार्थी तिकडे मिल्टन कीन्सला असतो. त्या गावात पावलोपावली गोल. आपलं लायसन्स तिथे वर्षभर चालतं, पुढे परीक्षा द्यावी लागते. आठ वर्षं आपल्या गावात गाडी चालवलेला हा पठ्ठ्या पहिल्या झटक्यात नापास झाला. रात्री फोन आला. "सर, गोलमध्ये आतल्या गाडीपुढे घुसलो. फार नाही, आपल्यासारखंच." एक गंभीर चूक झाली की तिथे नापास. मग म्हणाला, इथे काही ठिकाणी गोल बांधलेलासुद्धा नसतो. रस्त्यावर नुसता पांढऱ्या रंगाचा वाटोळा ठिपका असतो, आणि सगळे त्याला मान देतात. कारंजं नाही, अक्षरं नाहीत, रंगाचा ठिपका. आमचा अर्ज निकाली निघाला त्या दिवशी मला तोच ठिपका आठवत होता.

चौथी तक्रार रात्रीची. साडेदहानंतर आपले सिग्नल पिवळ्यावर टाकतात आणि ते चारही बाजूंना पिवळेच लुकलुकतात. पिवळ्याचा अर्थ जपून जा. चौघांनाही जपून जा सांगितलं, थांब कुणालाच सांगितलं नाही. लहान रस्त्याच्या बाजूला लाल लुकलुकता ठेवता येतो. तो म्हणजे आधी पूर्ण थांबा, बघा, मग जा. त्यासाठी नवी यंत्रणा लागत नसावी, सेटिंगचा प्रश्न आहे.

'फ्री लेफ्ट', म्हणजे सिग्नल लाल असतानाही डावीकडे वळणं, हा स्वतंत्र पत्राचा विषय आहे. थोडक्यात, तशी पाटी असेल तिथेच तो फ्री, आणि तिथेही पायी माणसाला आणि उजवीकडून येणाऱ्याला जाऊ देऊनच.

पाचवी तक्रार परिवहन कार्यालयाशी, आणि त्यात माझा धंदाही आरोपी आहे. शिकाऊ लायसन्सची परीक्षा संगणकावर होते, साठ टक्के बरोबर आले की पास. प्रश्न पेटीतून येतील ते. घाटात चढणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्या, हे आमच्या सपाट गावातला पोरगा घडाघडा सांगतो. चौकाचा प्रश्न आला तर आला. आणि पक्क्या लायसन्सची परीक्षा? मैदानात. केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या पंधराव्या नियमात चालकाला काय काय यायला हवं, याची भलीमोठी यादी आहे. प्रत्यक्षात मैदानावर आठचा आकडा काढायचा, रिव्हर्स घ्यायचा, पाय टेकवायचा नाही. मैदानात दुसरी गाडीच नसते. मग आधी कोण, हा प्रश्न पडणार तरी कसा? आम्ही स्कूलवाले जे परीक्षेत आहे तेच पंधरा दिवसांत शिकवतो : क्लच, गिअर, आठ. चौक हा 'हळूहळू येईल' या खात्यात टाकतो. बावीस वर्षांत किती जणांना मी तसं रस्त्यावर सोडलं, ते मला त्या दवाखान्यात कळलं.

शेवटची तक्रार पंचनाम्याची. माझ्या विद्यार्थिनीच्या कागदात लिहिलं आहे : "दोन्ही वाहनचालकांनी पुरेशी खबरदारी न घेतल्याने." कुणाची वाट आधी होती, कुणी थांबायला हवं होतं, याबद्दल अवाक्षर नाही. कोपऱ्यावर फ्लेक्स होता, पट्टा नव्हता, हेही नाही. तिचा दावा मोटार अपघात न्यायाधिकरणापुढे जाईल, तेव्हा समोरचे वकील याच वाक्यावर बोट ठेवणार आणि तिचाही हातभार होता म्हणून भरपाई कापायला सांगणार. ती वेगात नव्हती, हेल्मेट होतं, वाट तिची होती. 'दोघांची चूक' हे वाक्य लिहायला सोपं आहे, कारण त्यात लिहिणाऱ्याला नियम माहीत असायची गरज पडत नाही.

२०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली. केंद्राच्या रस्ते अपघातांवरच्या अहवालात चौकांची वेगळी वर्गवारी असते : टी, वाय, चार रस्ते, गोल. म्हणजे चौकात माणसं मरतात, हे वर मोजलं जातं. खाली आमच्या टाकीच्या चौकाला कागदावर अजून नावही नाही.

मागण्या पुन्हा लिहितो, या वेळी एकेक सुटी, म्हणजे निकाली काढायची झाली तर एकेक काढावी लागेल.

१. टाकीच्या चौकात दोन्ही कॉलनी रस्त्यांच्या तोंडाला पट्टा आणि त्रिकोणी पाटी. त्यानंतर प्रभागातल्या बिनसिग्नलच्या बाकी चौकांना. मुख्य रस्ता कुठला, ते ठरवून त्याची यादी जाहीर करावी.

२. कोणत्याही चौकाच्या कोपऱ्यापासून पंधरा मीटरपर्यंत फ्लेक्स, चौकट, गाडा, उभी गाडी काही नको. चौकटी मुळासकट काढाव्यात. गाडेवाल्यांना आधी पर्यायी जागा द्यावी, त्यांच्या पोटावर पाय नको.

३. मोठ्या गोलमध्ये प्रत्येक तोंडाला पाटी. अक्षरं बाजूच्या बागेत हलवावीत, नात तिथेही फोटो काढेल.

४. रात्री लहान रस्त्यांना लाल लुकलुकता.

५. पक्क्या लायसन्सच्या परीक्षेत एक तरी खरा, वाहता चौक. ड्रायव्हिंग स्कूलवाल्यांची बैठक बोलवा, आम्ही येऊ. त्यात आमचेच कान उपटायचे असतील तर पहिला कान माझा.

६. चौकातल्या अपघाताच्या पंचनाम्यात कुणी वाट द्यायला हवी होती, आणि तिथे पट्टा, पाटी, मोकळी नजर होती का, एवढं नोंदवावं.

पहिल्या मागणीचा खर्च प्रभागनिधीत बसत नसेल तर कॉलनी वर्गणी काढायला तयार आहे. अर्जावरच्या सह्या त्याच माणसांच्या आहेत. रस्त्याचा रंग कोरड्या डांबरावरच धरतो, तेव्हा पाऊस थांबल्यावर, दिवाळीच्या आधीचा कुठलाही दिवस चालेल. आपल्या कनिष्ठ अभियंत्यांना सकाळी सातला पाठवा, तेव्हा वर्दळ खरंच कमी असते. टेप आणि खडू मी घेऊन येतो. तीही येणार म्हणते आहे, कुबडी घेऊन. पट्टा नेमका कुठे हवा, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

कळावे,

आपला नम्र,
एक मोटार ड्रायव्हिंग स्कूलचालक
(आणि एकसष्ट सह्या, मूळ अर्जासोबत जोडलेल्याच)